मोटर करंटमधले ५० हर्ट्झच्या शेजारचे साइडबँड: फ्रिक्वेन्सी आणि अँप्लिट्यूड भरवशाने कसं काढायचं?

रोटरबार_४ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

४१५ व्होल्ट, ३७ किलोवॅट, ४ पोल इंडक्शन मोटर आहे, नेमप्लेटवर १४८० आरपीएम. लाइन करंटवरून रोटर बार (फिरत्या भागातली वाहक पट्टी) तुटलाय का ते बघायचंय. म्हणजे ५० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना (१ ± २ × स्लिप) × फ्रिक्वेन्सी इथे येणारे साइडबँड (मुख्य शिखराशेजारची छोटी शिखरं) मोजायचे. स्लिप म्हणजे रोटर सिंक्रोनस वेगाच्या किती मागे पडतो त्याचं प्रमाण.

जोडणी अशी: क्लँप सीटी (तारेभोवती बसणारा करंट ट्रान्सफॉर्मर, पूर्ण करंटला ०.३३३ व्होल्ट), १६ बिट एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा) ±१० व्होल्ट रेंजवर, सेकंदाला १००० सँपल, फाइल १० सेकंदांची. पायथनमध्ये सरळ एफएफटी (फ्रिक्वेन्सीनुसार विभागणी) घेतो, विंडो (फाइलीची टोकं हळूहळू शून्यावर आणणारे गुणक) लावत नाही.

अडचण अशी की त्याच मोटरच्या, त्याच लोडवर, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन फाइलींत खालचा साइडबँड एकीत −३३ डीबी दिसतो, दुसरीत −४९.५ डीबी. पहिलीत मुख्य शिखर मोजून ४९.९७ हर्ट्झ येतं, दुसरीत ४९.९९८. टॅकोमीटर दोन्ही वेळा १४८० च्या आसपास होता. झिरो पॅडिंग करून (फाइलीला शून्यं जोडून) ६५५३६ पॉइंट केले तर आणखी डझनभर शिखरं उगवतात, त्यातलं खरं कोणतं तेच कळत नाही.

फ्रिक्वेन्सी, अँप्लिट्यूड आणि जमल्यास फेज, तिन्ही हवंय. म्युझिक किंवा एस्प्रिटकडे (मॅट्रिक्सवरून फ्रिक्वेन्सी काढणाऱ्या पद्धती) वळावं का?

गळतीविरोधी

दोन्ही फाइलींत मोटर तीच आहे, बदललाय तो ग्रिड, म्हणजे वीजपुरवठ्याची फ्रिक्वेन्सी. १० सेकंदांच्या फाइलीत एक बिन (एफएफटीचा एक कप्पा) ०.१ हर्ट्झचा. ४९.९९८ जवळजवळ बिनच्या मधोमध बसते. ४९.९७ मात्र ५०.० च्या बिनपासून ०.३ बिन सरकलेली आहे. विंडो नसेल तर मुख्य साइनची गळती क्ष बिन अंतरावर साधारण साइन(पाय × ड) ÷ (पाय × क्ष) इतकी उरते, ड म्हणजे बिनपासूनचं सरकणं. ड = ०.३, क्ष = १२.७ घाला: ०.०२, म्हणजे −३४ डीबी. तुमचा साइडबँड त्याखाली गाडला गेलाय आणि तुम्ही वाचताय ती बहुतांशी ५० हर्ट्झचीच शेपटी. दुसऱ्या फाइलीत ड फक्त ०.०२, गळती −५६ च्या आसपास, म्हणून तिथला आकडा खऱ्याच्या जवळ आला. योगायोगाने.

क्ष १२.७ का धरला तेही बघा, कारण इथेही लोक चुकतात. स्लिप काढताना ५० धरू नका, त्या फाइलीतली प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी घ्या. ४ पोलला १४८० आरपीएम म्हणजे २ × १४८० ÷ ६० = ४९.३३३ हर्ट्झ. अंतर २ × (४९.९७ − ४९.३३३) = १.२७ हर्ट्झ, साइडबँड ४८.७० आणि ५१.२४ ला. ५० धरलंत तर अंतर १.३३ येतं, अर्ध्या बिनहून जास्त चूक, आणि मग तुम्ही शेजारच्याच दाराची कडी वाजवत बसता.

झिरो पॅडिंगने नवी माहिती येत नाही, तोच वक्र जास्त ठिपक्यांनी काढला जातो. उगवलेली शिखरं म्हणजे मुख्य साइनचे साइडलोब. दोन साइन वेगळ्या दिसणं हे फाइलीच्या लांबीवर ठरतं.

आधी हॅन विंडो लावा. १२.७ बिनांवर तिची गळती −७८ डीबीच्या आसपास जाते, तुमच्या कामाला पुष्कळ. बदल्यात मुख्य लोब दुप्पट रुंद होतो (दोन्हीकडे २ बिन). मग फ्रिक्वेन्सी बिनच्या आतल्या बारकाव्यापर्यंत काढायला सगळ्यात मोठा बिन आणि त्याच्या दोन शेजाऱ्यांपैकी मोठा शेजारी घ्या. हा शेजारी भागिले सगळ्यात मोठा बिन = र. सरकणं ड = (२र − १) ÷ (र + १), शेजाऱ्याच्या दिशेने. हे हॅनसाठी अंदाजाचं सूत्र नव्हे, एकटी साइन आणि लांब फाइल असेल तर नेमकं निघतं. लॉगवर पॅराबोला बसवण्यापेक्षा हे बरं. अँप्लिट्यूडसाठी २ × शिखर ÷ (विंडोच्या सगळ्या गुणकांची बेरीज) काढून त्याला (पाय × ड) × (१ − ड²) ÷ साइन(पाय × ड) ने गुणा. हे गुणणं विसरलात तर हॅनमध्ये १.४ डीबीपर्यंत आणि विंडोशिवाय ३.९ डीबीपर्यंत कमी वाचाल.

लघुतमवर्ग

वरचं सगळं बरोबर, पण मोजमाप एफएफटीवर थांबवू नका. एफएफटीने जागा दाखवली की पुढे लीस्ट स्क्वेअर्स (उरणाऱ्या चुकांच्या वर्गांची बेरीज किमान करणारं फिटिंग).

फ्रिक्वेन्सी ठाऊक असतील तर बाकीचा प्रश्न पूर्ण लिनियर आहे. प्रत्येक साइनसाठी मॅट्रिक्समध्ये दोन स्तंभ, कोसाइन आणि साइन, शिवाय एक डीसीचा. मुख्य साइन आणि दोन साइडबँड मिळून ७ स्तंभ, १०००० ओळी. पायथनमधल्या नमपायच्या लीस्ट स्क्वेअर्स फंक्शनला हे चुटकीसरशी सुटतं. कोसाइनचा गुणक अ, साइनचा ब, तर अँप्लिट्यूड अ² + ब² चं वर्गमूळ आणि फेज आर्कटॅन२(−ब, अ). तिन्ही साइन एकाच वेळी बसवल्या की मुख्य साइनची गळती साइडबँडच्या खात्यात जमा होत नाही, म्हणून इथे विंडो लागत नाही.

आता फ्रिक्वेन्सी. तीन सुट्या फ्रिक्वेन्सी शोधू नका. भौतिकशास्त्र सांगतं की साइडबँड मुख्य साइनपासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर येणार. म्हणजे अज्ञात दोनच: मुख्य फ्रिक्वेन्सी आणि अंतर. मुख्य फ्रिक्वेन्सी हॅनच्या सूत्राने घ्या. अंतर ०.३ पासून २ हर्ट्झपर्यंत ०.०१ च्या पावलांनी सरकवा, प्रत्येक पावलाला ७ स्तंभांचं फिटिंग करा आणि उरलेल्या सिग्नलची ऊर्जा अंतराविरुद्ध काढा. जिथे खोल खड्डा तिथे साइडबँड. पाऊणदोनशे फिटिंग होतात, कॉफी करायलाही वेळ मिळत नाही.

खड्ड्यापासून पुढे गॉस-न्यूटनच्या तीन-चार फेऱ्या: प्रत्येक अज्ञात फ्रिक्वेन्सीसाठी तिच्या डेरिव्हेटिव्हचा एक जादा स्तंभ (वेळ × (−अ × साइन + ब × कोसाइन)), त्याचा गुणक म्हणजे करायची दुरुस्ती. हे वरच्या पावलापावलाच्या शोधाआधी करू नका. सुरुवात अर्ध्या बिनहून जास्त चुकीची असेल तर फेऱ्या भलत्याच खड्ड्यात अडकतात, आणि ते खड्डे साधारण बिनाबिनाच्या अंतरावर असतात.

वेळेचा शून्य फाइलीच्या मध्यावर ठेवा, म्हणजे −५ ते +५ सेकंद. शून्य टोकाला ठेवलात तर फ्रिक्वेन्सीतली इवलीशी चूक फेजमध्ये मोठी होऊन दिसते, कारण दोघं एकमेकांत अडकतात. मध्यावर ठेवलं की सुटतात. तुम्हाला फेज हवीय म्हणालात म्हणून हे मुद्दाम लिहिलं. मिळणारी फेज फाइलीच्या मध्याची असेल हे लक्षात ठेवा.

१५०, २५०, ३५० चे हार्मोनिक घालायचे का? साइडबँडच्या आकड्यासाठी गरज नाही. पाचवा हार्मोनिक −३० डीबी असला तरी तो २००० बिन लांब आहे, त्याची शेपटी इथवर पोचेपर्यंत −१०० च्या खाली गेलेली असते. पण उरलेल्या सिग्नलवरून नॉइज मोजणार असाल तर घाला, नाहीतर हार्मोनिकलाच नॉइज समजाल. उरलेल्या सिग्नलची हॅन लावून एफएफटी बघणं ही सक्तीची पायरी माना. ५० च्या जागी अजून टेकडी दिसत असेल तर मॉडेलमध्ये काहीतरी राहिलंय.

पोलझिरो

एस्प्रिटबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. चालतं, पण १००० हर्ट्झच्या कच्च्या डेटावर चालवू नका. १०००० सँपलचं हँकेल मॅट्रिक्स (सिग्नलच्या सरकत्या तुकड्यांचं) घेऊन एसव्हीडी (मॅट्रिक्सचं विघटन) करत बसाल आणि त्यात हार्मोनिकही घुसतील.

आधी सिग्नलला ५० हर्ट्झच्या उलट्या कॉम्प्लेक्स एक्स्पोनेन्शियलने गुणून शून्याजवळ आणा. मग एफआयआर लो पास: ५ हर्ट्झपर्यंत पास, १५ पासून पुढे ८० डीबी स्टॉप, कायझर विंडोने साधारण ५०० टॅप लागतात. मग ५० ने डेसिमेट (दर ५० पैकी एकच सँपल ठेवा), नवा रेट २० हर्ट्झ. फिल्टर भरण्यात अर्धा सेकंद जातो, तो टाकून द्या, हाताशी १९० सँपल राहतात. ८० डीबीची चैन करू नका असं कोणी म्हणेल, पण बघा: गुणल्यावर मुख्य साइनची उलटी प्रतिमा −१०० हर्ट्झला जाते, १५० चा हार्मोनिक +१०० ला, आणि २० च्या रेटवर हे सगळे दुमडून बरोबर शून्याजवळ येऊन बसतात. फिल्टर ढिला असेल तर ते तिथेच दिसणार आणि कोणी ओळखणार नाही.

१९० सँपलवर मॅट्रिक्सची एक बाजू ६५ ते ९५ दरम्यान ठेवा (एकतृतीयांश ते अर्धं), फॉरवर्ड-बॅकवर्ड अ‍ॅव्हरेजिंग करा. ऑर्डर (घटकांची संख्या) कागदावर ३, प्रत्यक्षात ६ ते ८ घ्या आणि नंतर गाळा. पोलचं (प्रत्येक घटक दर सँपलला ज्याने गुणला जातो तो आकडा) मॅग्निट्यूड १ पासून दूर असेल तर फेका. या रेटवर ०.९८ म्हणजे ५० सँपलांत, अडीच सेकंदांत ओसरणारी गोष्ट. ती तुटक्या बारची खूण नव्हे. ऑर्डर आपोआप ठरवणारे एमडीएलसारखे निकष पांढरा नॉइज धरून चालतात, इथे ५० च्या बुडाशी नॉइज रंगीत असतो, ते ऑर्डर फुगवून सांगतात.

अँप्लिट्यूड मात्र एस्प्रिटमधून काढू नका. फ्रिक्वेन्सी घ्या आणि वरच्या प्रतिसादातल्या लीस्ट स्क्वेअर्सला द्या. (मूळ कल्पना प्रोनीची, १७९५ मधली. पण ती जशीच्या तशी वापरली तर नॉइजपुढे लगेच गुडघे टेकते, एसव्हीडी आल्यावर ती कामाची झाली.)

लघुतमवर्ग

पोलझिरो, पद्धतीला हरकत नाही. पण १३ बिन अंतरावरच्या, सममित असणार हे आधीच ठाऊक असलेल्या दोन साइनसाठी ही तोफ आहे. सममितीची अट एस्प्रिटला सहज सांगता येत नाही, आणि इथे तीच सगळ्यात फुकटची माहिती. किती साइन आहेत आणि कुठे आहेत याचा पत्ताच नसेल, बेअरिंग-गिअरबॉक्सचं व्हायब्रेशन वगैरे, तिथे एस्प्रिट आणतो.

घड्याळजी

अल्गोरिदमवर एवढी शाई खर्च झाली, आता घड्याळाकडे बघा.

साइडबँडचा सिग्नल टू नॉइज प्रतिसँपल १० डीबी धरा, १०००० सँपल, १००० हर्ट्झ. क्रामर-राव मर्यादेनुसार (कोणत्याही पद्धतीने याहून कमी चूक शक्य नाही अशी मर्यादा) फ्रिक्वेन्सीतली प्रमाणित चूक सुमारे ०.१७ मिलिहर्ट्झ येते, अँप्लिट्यूडमधली ०.०३ डीबी. एवढं बारीक गणित शक्य आहे. पण सँपलिंगचा क्रिस्टल ५० पीपीएमने (दहा लाखांत ५० भाग) चुकीचा असेल तर ५० हर्ट्झवर २.५ मिलिहर्ट्झची चूक तिथेच झाली, पंधरापट. बोर्डवर क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असेल तर चूक हजारो पीपीएममध्ये जाऊ शकते, आणि मग ग्रिड ४९.९७ होता की ५०.०५ हे तुम्ही सांगूच शकत नाही.

सुटका अशी की तुम्हाला स्लिप हवीय, आणि स्लिप = (वरचा साइडबँड − खालचा) ÷ (४ × मुख्य). घड्याळाची चूक वर आणि खाली सारखीच गुणली जाते, निघून जाते. टॅकोमीटरशी तुलना करताना मात्र ती परत डोकं काढते.

स्थिर चूक परवडली, जिटर (सँपलच्या वेळेतली थरथर) नाही. मायक्रोकंट्रोलरच्या मुख्य लूपमध्ये वेळ विचारून सँपल घेत असाल तर ते बंद करा. टायमर इंटरप्ट, त्याहून बरं म्हणजे टायमरनेच एडीसी सुरू करणं आणि डीएमएने (प्रोसेसरला न गुंतवता) डेटा उचलणं. लूपमधला जिटर ठरावीक कालाने येणारा असेल (सीरियलवर पाठवणं, कार्डवर लिहिणं), तर तो ५० हर्ट्झला फेज मॉड्युलेट करतो आणि दोन्हीकडे सुंदर सममित साइडबँड तयार होतात. तुटक्या बारसारखेच. तपासायला मोटरऐवजी एखादा साधा रेझिस्टिव्ह हीटर त्याच फीडरवर मोजा. तिथेही साइडबँड दिसले तर रोटरचा काही संबंध नाही.

आणि ०.३३३ व्होल्टचा सीटी ±१० व्होल्टच्या रेंजवर: शिखर ०.४७ व्होल्ट, रेंजच्या ४.७ टक्के, २७ डीबी वाया. आदर्श १६ बिटचे ९८ गेले, ७१ उरले. −५० च्या साइडबँडला तेवढं पुरतं, म्हणजे तुमच्या गोंधळाचं कारण हे नाही, पण एडीसीत ±१ किंवा ±०.५ व्होल्टची रेंज असेल तर न वापरण्यात अर्थ नाही. एडीसीच्या आधी अँटी एलिआसिंग फिल्टर आहे ना? मोटर ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या इन्व्हर्टरवर) असेल तर तो हवाच.

रोटरबार_४

सगळ्यांचे आभार. बोर्डवर क्रिस्टल आहे, सँपलिंग टायमरने होतं. ड्राइव्ह नाही, डायरेक्ट लाइनवर आहे. रेंज ±१ केली, पुढच्या फाइलींपासून.

जुन्या दोन फाइली लघुतमवर्ग यांच्या पद्धतीने केल्या:

४९.९७ ची फाइल: अंतर १.२७२ हर्ट्झ, खालचा −४८.९ डीबी, वरचा −५१.६ डीबी.
४९.९९८ ची फाइल: अंतर १.२७५ हर्ट्झ, खालचा −४८.७, वरचा −५१.८.

−३३ चं भूत गेलं. अंतराविरुद्धच्या आलेखात एकच खड्डा, सुईसारखा.

आता तिसरी फाइल. हीच मोटर जवळजवळ रिकामी, टॅकोमीटर १४९६. अंतर ०.२५ च्या आसपास असायला हवं म्हणून शोध ०.०५ पासून सुरू केला. खड्डा असा नाहीच. अंतर शून्याकडे जाईल तशी उरलेली ऊर्जा घसरतच जाते आणि साइडबँडचं अँप्लिट्यूड −२० च्या वर निघतं. उरलेल्या सिग्नलमध्ये ५० च्या जागी टेकडी आहेच. हे काय?

लघुतमवर्ग

टेकडी म्हणजे ग्रिडचं सरकणं. आपल्याकडे ४९.९० ते ५०.०५ हा ठरवून दिलेला पट्टा, आणि त्यात फ्रिक्वेन्सी सतत हिंडत असते. १० सेकंदांत ०.०२ हर्ट्झ सरकली असं धरा. फेज सरळ रेषेऐवजी पॅराबोला होते, फाइलीच्या टोकाला ०.१६ रेडियनचा वाक. एक स्थिर साइन बसवून जे उरतं ते मुख्य साइनच्या −२७ डीबी असतं. तुमच्या मॉडेलमध्ये हे घ्यायला कोणीच नाही, मग ०.०५-०.१ हर्ट्झवरच्या दोन खोट्या साइडबँडनी ते उचललं. भरल्या लोडवर हा त्रास दिसला नाही कारण वाकाची शेपटी १३ बिनांवर बरीच पडलेली असते. अडीच बिनांवर ती अजून बरीच उंच असते.

उपाय सोपा आहे. मुख्य साइनसाठी चार जादा स्तंभ घाला: वेळ × कोसाइन, वेळ × साइन, वेळ² × कोसाइन, वेळ² × साइन. सगळं लिनियरच राहतं. सावकाश बदलणारी फेज आणि सावकाश बदलणारं अँप्लिट्यूड, दोन्ही यात बसतं. वेळेला ५ ने भागून −१ ते +१ मध्ये आणा, नाहीतर स्तंभांची मापं विषम होऊन मॅट्रिक्स कुरकुरतं.

पण याला किंमत आहे. हे स्तंभ दोन-अडीच बिनांच्या आतल्या साइडबँडसारखेच दिसतात आणि त्यांना गिळतात. १० सेकंदांत ०.२५ हर्ट्झ म्हणजे अडीच बिन, अगदी कडेवर. फाइल ३० सेकंदांची घ्या, अंतर साडेसात बिन होईल, आणि शोध ०.१२ च्या खाली नेऊ नका. ३० सेकंदांत ग्रिड जास्त वाकडातिकडा हिंडणार, तेव्हा वर्गाऐवजी घनापर्यंतचे स्तंभ लागतील. किती घालायचे ते उरलेल्या सिग्नलमधली टेकडी सांगेल.

त्याहून लांब फाइलीला ही युक्ती पुरत नाही. तिथे पोलझिरो यांनी सांगितल्याप्रमाणे शून्याजवळ आणून मुख्य साइनची फेज काढा, ती साइडबँडच्या अंतराच्या बऱ्याच खालच्या कटऑफने गुळगुळीत करा आणि सिग्नलमधून ती फेज फिरवून काढा. कटऑफ वर नेलात तर साइडबँडमुळे होणारं फेजचं डोलणंही पुसून टाकाल.

मेंटेनन्स_पाळी_२

आकडे काढलेत, आता ते वाचायचे कसे ते. रिकाम्या मोटरच्या फाइलीवर एवढे कष्ट कशाला? रिकाम्या मोटरच्या रोटरमध्ये करंटच नगण्य, तुटका बारही गप्प बसतो. निम्म्याहून बराच जास्त लोड असताना घेतलेली फाइलच निदानाला धरा.

वापरातला ढोबळ नियम: साइडबँड −५४ किंवा त्याखाली तर काळजी नको, −४५ च्या वर तर संशय धरा. तुमचा −४८.८ मधल्या पट्ट्यात येतो. एका आकड्यावर मोटर उघडू नका. त्याच लोडवर, म्हणजे अंतर १.२७ च्या जवळ असताना, महिन्याने पुन्हा घ्या आणि चढतोय का बघा. आता मोजमाप दशांश डीबीत जुळतंय, म्हणजे २ डीबीची चढ खरी मानता येईल.

खालचा साइडबँड रोटरच्या असमतोलातून थेट येतो, वरचा त्यामुळे वेगात पडणाऱ्या लहरीतून, म्हणून त्यावर लोडच्या इनर्शियाचा परिणाम होतो. जड फ्लायव्हील असेल तर वरचा दबतो. तुलना करताना दोन्ही लिहून ठेवा.

मोटरवर काय चालतंय ते लिहिलं नाहीत. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर, सावकाश फिरणारा गिअरबॉक्स किंवा लांब बेल्ट असेल तर त्याची लहरही ५० च्या दोन्हीकडे साइडबँड टाकते. बेल्टची लांबी आणि पुलीचा व्यास घेऊन बेल्टच्या फेऱ्यांची फ्रिक्वेन्सी काढा, १.२७ च्या जवळ निघते का बघा. लोड थोडा बदलून आणखी एक फाइल घ्या: तुटक्या बारचा साइडबँड स्लिपबरोबर सरकेल, बेल्टचा जवळजवळ तिथेच राहील. ४ पोल मोटरच्या रोटरला आतून ४ आरे असतील तर मात्र हीही परीक्षा फसते, कारण ते चांगल्या रोटरमध्येही नेमक्या त्याच जागी साइडबँड देतात. अशा वेळी मोटर नवी असतानाची नोंद हाच एक आधार.